रॉकेटचं नोजल शेवटी रुंद का असतं, आणि ते बनवतं कोण?

प्रश्न असा आला आहे: "काका, आमची पिंपळगावला द्राक्षबाग आहे. ब्लोअरच्या नोजलचं छिद्र बारीक केलं की फवारा जोरात सुटतो. नळीचं तोंड बोटाने दाबलं की धार लांब जाते. मग रॉकेटचं नोजल शेवटी घंटेसारखं पसरट का? तिथे तर वेग कमी व्हायला हवा. ही नोजल्स आपल्याकडे बनवतं कोण? मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाशिकमध्ये असं काम मिळू शकेल का?"

तू बागेत जे पाहिलंस ते अगदी बरोबर आहे. फरक एवढाच की ब्लोअरमधून पाणी जातं आणि रॉकेटमधून वायू. सगळं उत्तर या एका फरकात आहे. मी नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये २६ वर्षं लेथवर टर्निंग केलं, त्यातली शेवटची ११ वर्षं ग्रॅफाइट आणि कार्बन-फिनॉलिकच्या नोजलच्या भागांवर गेली. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पाणी दाबलं तरी आकसत नाही आणि मोकळं सोडलं तरी फुगत नाही. मग तेवढंच पाणी अरुंद वाटेने जायचं तर त्याला वेगाने जावं लागतं. वायूचं तसं नाही. त्याला जागा मिळाली की तो पसरतो, विरळ होतो, थंड होतो, आणि पसरताना स्वतःलाच पुढे ढकलतो. इस्रोच्या विकास या द्रव इंधनाच्या इंजिनात, जिथे इंधन जळतं त्या चेंबरमध्ये, दाब साधारण ५८ बार असतो, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या सातपट, आणि तापमान ३००० अंशांच्या घरात. आत वायूचे रेणू प्रचंड वेगाने पळत असतात, पण सैरावैरा, सगळ्या दिशांना. या सैरावैरा उष्णतेची एकाच दिशेची धाव करून द्यायची, हे नोजलचं काम.

नोजलचा पहिला भाग निमुळता असतो. तिथे वायू तुझ्या नळीतल्या पाण्यासारखाच वागतो: वाट अरुंद, वेग जास्त. सगळ्यात अरुंद जागेला आम्ही थ्रोट म्हणतो, म्हणजे घसा. तिथे वायूचा वेग बरोबर ध्वनीच्या वेगाइतका होतो. आपल्या हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास आहे, पण त्या तप्त वायूत तो १००० मीटरच्याही वर जातो. निमुळत्या भागात वेग याच्यापुढे जात नाही. पुढे दाब कमी झाला आहे ही बातमी वायूत मागे पोचते ती ध्वनीच्याच वेगाने. वायू स्वतः त्याच वेगाने उलट दिशेला धावत असेल तर बातमी मागे जाणार कशी? मग बाहेर कितीही पोकळी करा, थ्रोटमधून जास्त वायू येत नाही. याला चोक होणं म्हणतात. सेकंदाला किती किलो वायू जाणार हे चेंबरचा दाब, वायूचं तापमान आणि थ्रोटचं क्षेत्रफळ एवढ्यावरच ठरतं.

आता घशाच्या पलीकडे काय होतं ते बघ. इथेच उलटं गणित सुरू होतं. साध्या हवेचे आकडे देतो, कारण ते कुठल्याही तक्त्यात तपासून पाहता येतील. मॅक म्हणजे त्या जागच्या ध्वनीच्या वेगाच्या किती पट, आणि हवा थंड होते तसा तो ध्वनीचा वेगही घटतो. म्हणून मॅक १ वरून मॅक ३ ला जाताना हवेचा वेग दुप्पटही होत नाही, १.९६ पट होतो. पण तेवढ्यात तिची घनता जवळपास एक अष्टमांशावर येते. वजनाने हवा तेवढीच पुढे न्यायची आहे, वेग दुप्पट झाला पण ती आठपट विरळ झाली. मग वाट चौपट रुंद लागणारच. नेमका आकडा ४.२३ पट येतो. ध्वनीच्या खाली वेग वाढतो तो घनता घटण्यापेक्षा जलद, म्हणून वाट अरुंद हवी. ध्वनीच्या वर घनता घटते ती वेग वाढण्यापेक्षा जलद, म्हणून वाट रुंद हवी. घंटेचा आकार आला तो यातून.

ही कल्पना रॉकेटवाल्यांची नाही. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८८० च्या दशकाच्या शेवटी वाफेच्या टर्बाइनसाठी असं नोजल वापरलं. दुधातून साय वेगळी करणारा फिरता सेपरेटरही त्यांचाच. तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या डेअरीत तो सेपरेटर दिसला तर लक्षात ठेव, त्याच माणसाच्या नावाचं नोजल आज प्रत्येक रॉकेटच्या शेपटीला आहे. अमेरिकेच्या रॉबर्ट गॉडार्ड यांनी ते रॉकेटला लावून पाहिलं आणि साध्या नळीपेक्षा किती तरी जास्त जोर मिळतो हे दाखवलं.

आणखी एक गोष्ट नीट समजून घे, कारण बरेच जण इथे चुकतात. घंटा म्हणजे धूर बाहेर सोडायची चिमणी नाही. फुगणारा वायू घंटेच्या तिरक्या भिंतीला आतून दाबतो, आणि त्या दाबाचा एक हिस्सा रॉकेटला पुढे ढकलतो. अवकाशात चालणाऱ्या मोठ्या घंटेच्या इंजिनात एकूण जोराचा साधारण एक तृतीयांश भाग या भिंतीवरच मिळतो. घंटा घशाशीच कापून टाकली तर तेवढं इंधन फुकट जाळल्यासारखं होईल.

मग घंटा हवी तेवढी मोठी का करत नाहीत? कारण बाहेरची हवा. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या वरच्या टप्प्यातल्या सीई-२० या क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाच्या, इंजिनाच्या नोजलचं तोंड क्षेत्रफळाने घशाच्या १०० पट आहे, म्हणजे व्यासाने दहापट. तिथून वायू सेकंदाला साधारण ४३०० मीटर वेगाने निघतो. नाशिक ते मुंबई हे अंतर त्या वेगाने चाळीस सेकंदांत संपेल. पण तोंडापाशी त्याचा दाब उरतो फक्त ५० मिलिबारच्या आसपास, आणि समुद्रसपाटीला हवेचा दाब आहे १०१३ मिलिबार. म्हणजे जमिनीवर चालवलं तर बाहेरची हवा वीसपट दाबाने आत घुसायला बघते. वायूचा प्रवाह भिंत सोडतो, तेही सगळीकडून सारखा नाही, कधी या बाजूने कधी त्या बाजूने, आणि पातळ घंटा धक्के खात थरथरते. म्हणून ही इंजिनं जमिनीवर तपासायला पोकळीची मोठी व्यवस्था लागते. इस्रोने २९ नोव्हेंबर २०२४ ला तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला सीई-२० ची समुद्रसपाटीच्या दाबावर चाचणी घेतली, ती नोजलला संरक्षण देणारी वेगळी रचना करून. मला त्या वर्षातल्या एखाद्या उड्डाणापेक्षा ही चाचणी जास्त मोलाची वाटली, कारण पुढची प्रत्येक चाचणी तिच्यामुळे सोपी होणार आहे.

खालच्या टप्प्याची नोजल आखूड आणि वरच्या टप्प्याची मोठी असते ती याच कारणाने. लढाऊ जेट विमानाला मात्र जमिनीपासून उंचीपर्यंत सगळीकडे तेच नोजल चालवावं लागतं, म्हणून ते उघडझाप करतं. नाशिकजवळच्या ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यातून निघालेलं सुखोई कधी मागून जवळून पाहायला मिळालं तर बघ. एकावर एक बसलेल्या पाकळ्या दिसतील. घसा आणि तोंड दोन्ही लहानमोठं होतं, शिवाय अख्खं नोजल वळतंही. ती इंजिनं ओडिशात कोरापुटला बनतात, इथे विमानात बसतात.

घंटेच्या आकाराबद्दल थोडक्यात. साधा शंकू १५ अंशाच्या उताराने केला तरी काम होतं, कडेचा वायू तिरका गेल्यामुळे जेमतेम पावणेदोन टक्के जोर वाया जातो. पण शंकू लांब आणि जड. घशानंतर लगेच भरपूर उघडायचं आणि मग भिंत हळूहळू सरळ आणायची, म्हणजे आखूड नोजलमध्ये तेवढंच काम होतं. हा वक्र गणिताने काढून दिला जी. व्ही. आर. राव या भारतीय वंशाच्या अभियंत्याने, अमेरिकेत, १९५८ साली. आजही नोजलवाले 'राव कंटूर' असंच म्हणतात.

आता माझ्या हाताखालून गेलेल्या कामाकडे येतो. वायू ३००० अंशांना, आणि तांबं वितळतं १०८५ ला, पोलाद १५०० च्या आसपास. भट्टी तिच्या स्वतःच्या धातूपेक्षा जास्त तापते आणि तरी टिकते, ती दोन तऱ्हांनी. द्रव इंधनाच्या इंजिनात तांब्याच्या मिश्रधातूच्या भिंतीत बारीक खाचा पाडून त्यातून इंधनच फिरवतात, ते भिंत थंड ठेवतं आणि स्वतः तापून जळायला जातं. किंवा भिंतीलगत इंधनाचा थंड पापुद्रा सोडतात. विकास ज्या फ्रेंच व्हायकिंग इंजिनावरून आलं त्यात ही दुसरी पद्धत होती. घन इंधनाच्या मोटरमध्ये फिरवायला काहीच नसतं. तिथे भिंत स्वतः थोडी थोडी जळून आतल्याला वाचवते. कार्बनच्या कापडाची फिनॉलिक रेझिन लावलेली पट्टी मँड्रेलवर, म्हणजे आतल्या साच्यावर, ठराविक कोनात गुंडाळायची, दाब आणि उष्णतेखाली पक्की करायची, मग लेथवर माप द्यायचं. घशाशी ग्रॅफाइट किंवा कार्बन-कार्बनचं (कार्बनचे धागे कार्बननेच बांधलेलं मटेरियल) कडं बसतं, त्याला इन्सर्ट म्हणतात.

ग्रॅफाइट कापायला मऊ, पण कडा झटकन तुटते. त्याची काळी भुकटी वीजवाहक असते, पॅनेलमध्ये गेली तर शॉर्ट करते, स्लाइडवेमध्ये गेली तर मशीन खाते. फिनॉलिक उलट टूलच खातं, त्याला हिऱ्याचं टूल लागतं. दोन्ही कोरडंच कापायचं, कूलंट अजिबात नाही, धूळ ओढणारा पंप सतत चालू.

एक रात्र मी विसरलेलो नाही. फिनॉलिकची रिंग चकवर होती, फिनिश कट संपत आला होता. शेजारच्या मशीनचा कूलंटचा पाइप निसटला आणि शिंतोडे रिंगवर उडाले. ऑपरेटर तुझ्याच वयाचा. त्याने कॉटन वेस्टने पुसलं. वरून काही दिसत नव्हतं, माप शंभर टक्के बरोबर होतं. पण कापडाच्या थरांची टोकं कापलेल्या बाजूला उघडी असतात आणि ती ओल शोषतात. मोटर पेटली की त्या ओलीची क्षणात वाफ होते, आणि ती बाहेर पडताना थर फाडते. तो मुलगा सकाळी सहाला स्वतः माझ्याकडे आला आणि सांगितलं. आम्ही ग्राहकाला कळवलं, रिंग रद्द झाली, महिनाभराचं काम आणि बराच पैसा गेला. मालकांनी त्याला एका शब्दानेही दुखावलं नाही. मी त्यांचा कायम ऋणी आहे, कारण त्या दिवशी दुखावलं असतं तर पुढच्या वेळी कुणी सांगितलं नसतं.

घशाची जागा किती नाजूक हे तुला बागेतूनच सांगतो. फवारणीच्या नोजलची चकती झिजली की थेंब जाड पडतात, औषध जास्त जातं, पंपाचा दाब उतरतो. घन मोटरमध्ये हेच होतं, पण जास्त जोराने. थ्रोटचा व्यास ५ टक्के वाढला तर क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं. चेंबरचा दाब त्याहूनही जास्त घसरतो, कारण दाब उतरला की इंधन जळण्याचा वेगही मंदावतो. २० डिसेंबर २०२२ ला युरोपचं व्हेगा-सी रॉकेट असंच गेलं. दुसऱ्या टप्प्याच्या नोजलमधलं कार्बन-कार्बनचं इन्सर्ट अपेक्षेपेक्षा जास्त झिजलं, दाब उतरला, दोन उपग्रह गेले. चौकशीत निघालं की इन्सर्ट स्वीकारताना लावलेले निकष पुरेसे नव्हते. कागदावर पास झालेला जॉब होता तो. ते वाचलं त्या दिवशी मी आमच्या सगळ्या इन्स्पेक्शन शीट पुन्हा काढून बसलो होतो.

याच्या अगदी उलट गोष्ट घंटेच्या काठाची. डिसेंबर २०१० मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-९ च्या दुसऱ्या उड्डाणाआधी वरच्या टप्प्याच्या नोजलच्या काठाला तडे दिसले. नायोबियम धातूचा पातळ पत्रा होता. त्यांनी खालचा साधारण सव्वा मीटरचा पट्टा कात्रीने गोल कापून टाकला आणि ८ डिसेंबरला उड्डाण केलं, यशस्वी झालं. थोडा जोर कमी झाला, त्या मोहिमेला तो परवडणारा होता. काठाला मीटरभर गेलं तरी निभावतं, घशात अपेक्षेपेक्षा जास्त झिजलं तर रॉकेट जातं. ड्रॉइंग हातात आलं की पहिल्यांदा थ्रोटची टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, वाचायची, हे मी प्रत्येक नव्या मुलाला याचसाठी सांगतो.

बनवतं कोण, तर एकटं कुणीच नाही. द्रव इंजिनांची रचना इस्रोच्या केरळमधल्या वलियमला येथील एलपीएससी या द्रव इंजिनांच्या केंद्रात होते, घन मोटरची तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात, चाचणी महेंद्रगिरीला. विकास आणि क्रायोजेनिक इंजिनांचं प्रत्यक्ष काम मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजकडे आणि हैदराबादच्या एमटीएआरकडे अनेक वर्षं चालत आलं आहे. बेंगळुरूला एचएएलमध्ये क्रायोजेनिक इंजिनांचा कारखाना सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झाला. घन मोटरची मोठी आवरणं एल अँड टी आणि आपल्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर इंडस्ट्रीज करतं. एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या एस-२०० मोटरच्या नोजलचा घसाच ९० सेंटिमीटरच्या आसपास आहे, सडपातळ माणूस सहज आरपार जाईल. आणि ते नोजल उडताना वळतं. रबर आणि कडक पत्र्याचे गोलाकार थर एकमेकांवर चिकटवलेला सांधा असतो तिथे, तोच वाकतो आणि तोच दाबही रोखतो. माझ्या मते घन मोटरमधला सगळ्यात अवघड भाग हाच.

बाहेरच्या देशांतही असंच वाटलेलं आहे. युरोपच्या व्हल्कन इंजिनाची घंटा स्वीडनमध्ये जीकेएन बनवतं, दोन पत्र्यांमध्ये वाहिन्या ठेवून लेझरने वेल्ड करून. लाव्हाल यांच्याच देशात, हे मला फार आवडतं.

गेल्या काही वर्षांत दोन बदल झाले. पहिला म्हणजे छपाई. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन इस्रोने धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने केलं, १४ भागांचा एक भाग झाला आणि १९ वेल्ड गेले. मे २०२४ मध्ये ते ६६५ सेकंद चालवून पाहिलं. चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ ला एकसंध छापलेलं इंजिन उडवलं. दुसरा बदल मटेरियलचा. त्याच चौथ्या टप्प्यासाठी इस्रोने नायोबियमच्या मिश्रधातूऐवजी कार्बन-कार्बनचं नोजल तयार केलं, वर सिलिकॉन कार्बाइडचा लेप. वजन दोन तृतीयांशाने घटलं, आणि रॉकेट १५ किलो जास्त उपग्रह नेऊ शकेल. छपाईने आमची मशीनिंग संपेल असं मुलं विचारतात. मला तसं वाटत नाही. छापलेला पृष्ठभाग खरबरीत येतो, आणि घशाला आणि फ्लँजला शेवटचा कट लेथवरच द्यावा लागतो.

राहिलं नाशिक. इथे जमीन तयार आहे. ओझरमुळे विमानाच्या कामाची शिस्त, म्हणजे पहिल्या नगाची पूर्ण तपासणी आणि प्रत्येक तुकड्याच्या मटेरियलचा माग, अनेक लहान शॉपना माहीत आहे. घन इंधनावर काम करणारी, संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओची एसीईएम ही प्रयोगशाळा नाशिकचीच. आणि नोजलची घंटा स्पिनिंगनेही करतात, फिरत्या साच्यावर पत्रा दाबून. तांबट आळीत पितळी भांड्याला आकार देणाऱ्या हातांना पत्रा कुठे पातळ होतोय ते बोटांनी कळतं. ते ज्ञान टिकायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पण "आम्ही नोजल बनवतो" म्हणून कुणाच्या दारात जाऊ नकोस. सुरुवात मँड्रेल, फिक्स्चर, चाचणीच्या स्टँडची फिटिंग्ज यांपासून होते. शॉपला एएस-९१०० हे विमान-अवकाश कामाच्या दर्जाचं प्रमाणपत्र असेल तर बोलणं पुढे जातं. तू स्वतः सीएमएम, म्हणजे भागाची मापं घेणारं मशीन, चालवायला शीक, मटेरियल सर्टिफिकेट वाचायला शीक, आणि भोकाचा आतला व्यास मोजणाऱ्या बोअर गेजवर हात बसव. नुसतं सीएनसी प्रोग्रॅमिंग येणारी मुलं अंबडमध्ये पुष्कळ आहेत, माप घेऊन त्यावर उभी राहणारी कमी.

आणि शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट अजून ठरलं नसेल तर हे कर. पितळेची दोन नोजल टर्न कर, दोन्हींचा घसा २ मिमी. एक घशाशीच संपणारं, दुसरं पुढे २.६ मिमीपर्यंत हळूहळू उघडणारं. कॉलेजच्या कॉम्प्रेसरचा दाब गेजवर ७ बार ठेवलास तर दुसऱ्यातून हवा मॅक २ च्या आसपास निघेल. डिजिटल वजनकाट्यावर जोर मोज, पण नळी आडवी आण, नाहीतर तिचा ताठरपणाच काट्यावर दिसेल. गॉगल आणि कानाला मफ लावल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही. हिशेबाने दोन्हींचा जोर तीनशे ग्रॅमच्या आसपास येतो आणि घंटेवाल्याचा साधारण १८ ग्रॅम जास्त, हवा मात्र दोन्हींतून सारखीच जाते. फरक लहान आहे, कारण तुझी हवा ७ बारवरून बाहेरच्या दाबात येते आहे, ५८ बारवरून पोकळीत नाही. घशाचा व्यास पिन गेजने तपासल्याशिवाय आकडे लिहू नकोस. तो ०.०५ मिमीने चुकला तर क्षेत्रफळ ५ टक्क्यांनी बदलेल, आणि तुला जो फरक मोजायचा आहे तो जवळपास तेवढाच आहे.